जन्मस्थानाचा रकाना

माझं अक्षर चांगलं होतं. बढाई म्हणून सांगत नाही. ते चांगलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, म्हणून सांगतो. परभणीच्या सरकारी शाळेत मी एकवीस वर्षं मुन्शी होतो. मुन्शी म्हणजे शाळेचा एकूण एक कागद ज्याच्या हातून जातो तो माणूस. निजामाच्या राज्यात सगळा कारभार उर्दूत. घरात मराठी, देवापुढं संस्कृत आणि दौत उघडली की उर्दू, अशी आमची तऱ्हा. लहानपणी मौलवीसाहेबांनी बोटांवर छड्या मारून माझं अक्षर घडवलं होतं. शिक्षणखात्याचे साहेब म्हणायचे, बन्सीधरचा कागद आला की वाचण्याआधी नुसता बघत राहावंसं वाटतं. असल्या कौतुकानं माणूस शहाणा होत नाही. मी तर चांगलाच चढलो होतो.

दरवर्षी मॅट्रिकचा निकाल लागला की शाळेतून हैदराबादच्या विद्यापीठाकडे अर्ज जायचे. ते विद्यापीठ सोळा आणे सरकारी. इमारती सरकारच्या, प्रोफेसर सरकारचे, वसतिगृहातली खाटसुद्धा सरकारची. गरिबाचं हुशार पोर असेल तर त्याला वजीफा मिळायचा. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं सरकारातून. पण सरकारचं अन्न खायचं तर तू कोण, कुणाचा, कुठला हे आधी सरकारला पटलं पाहिजे. म्हणून अर्ज चार पानी, त्यात रकानेच रकाने. तो आमच्याकडून शिक्षणखात्याच्या कचेरीत जाणार, तिथून औरंगाबादला, तिथून हैदराबादला. मध्ये कुठल्याही कारकुनाला शंका आली की कागद आल्या वाटेनं परत. प्रोफेसर किती विद्वान होते ते मला माहीत नाही. पोरं आत घ्यायची की नाही, हे मात्र माझ्यासारख्या मुन्शींच्या हातात होतं.

त्या रकान्यांत एक होता जन्मस्थानाचा. वजीफा फक्त मुल्की पोराला, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या. आता आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. परभणीकडच्या कितीतरी सुना पैनगंगेपलीकडच्या, वऱ्हाडातल्या, आणि वऱ्हाड इंग्रजाच्या ताब्यात. म्हणजे घरातलं थोरलं पोर हटकून परमुलखात जन्मलेलं. यावर शाळाशाळांतल्या मुन्शींनी आपला तोडगा काढून ठेवला होता. थोरल्या पोराचा जन्म डोळे मिटून बापाच्या गावी लिहायचा. सगळे तसंच लिहीत, आणि वरच्यांनाही ते ठाऊक होतं. वरचेही कुठल्या तरी आजोळीच जन्मले होते. माझ्यावर तोवर तसा प्रसंग आला नव्हता, कारण आमच्या शाळेतून मोजकेच अर्ज जायचे, तेही शहरातल्या वकिलांच्या नाहीतर अंमलदारांच्या पोरांचे.

मग सन तेराशे पन्नास फसलीत, म्हणजे इंग्रजी एक्केचाळीस साली, भुजंग पास झाला.

भुजंग पोखर्णीचा. बाप मुंजाजी, नरसिंहाच्या देवळामागं आठ एकर कोरडवाहू. पोरगं पाच कोस चालत परभणीला आलं आणि एका वाण्याच्या ओसरीवर राहून शिकलं. उर्दू त्याला मी शिकवली. वर्गात नव्हे; शाळा सुटल्यावर, माझ्याच ओट्यावर बसवून. मॅट्रिकला त्यानं उर्दूत असे गुण घेतले की हैदराबादेतली, घरातच उर्दू बोलणारी पोरंही मागं पडली. मला मुलगा नाही. त्या निकालाच्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले ते कुणाच्या नात्यानं, असं बायकोनं विचारलं, तर मी तिच्याही हातावर एक पेढा ठेवला.

अर्जावर आईबापाचा अंगठा लागायचा. मुंजाजी आणि दगडाबाई दोघंही आले. मुंजाजी पटका सावरत दारातच उभा राहिला. दगडाबाई मात्र ऐसपैस बसली आणि कौतुकानं माझी लेखणी बघायला लागली. एकेक रकाना भरत मी जन्मस्थानाशी आलो.

"हा कुठं झाला, बाई?"

"माज्या माह्यारी, शेलगावला. वाशीमच्या वाटंवर हाय बगा. हितून तीन दिसाची गाडीवाट." ती खुलली. "सातव्या म्हयन्यात बाबा न्यायला आले. पैनगंगेला पानी व्हतं. मला गाडीतून उतरू दिलं न्हाई त्यायनं. सोता बैलाच्या म्होरं, छातीइतक्या पान्यात चालले. लय जीव व्हता माज्यावर. हा झाला तवा समद्या गावात साखर वाटली. हे बी लिवता का मुन्शीजी?"

"नाही, नुसतं गावाचं नाव."

"लिवा, लिवा. माज्या बाबाचं गाव सरकारच्या कागदावर जाऊ द्या."

मी लिहिलं. मौजे शेलगाव, तालुका वाशीम, आणि पुढं, कुणी विचारलेलं नसताना, 'इलाखा इंग्रजी'. का लिहिलं? खरं बोलायची मला हौस होती म्हणून, आणि तेवढ्या ओळीनं रकाना असा सुरेख भरला म्हणून. तो कागद हैदराबादेत थोरामोठ्यांच्या नजरेखालून जाणार, परभणीत असा हात आहे तरी कुणाचा असं कुणीतरी विचारणार, हेच माझ्या डोक्यात होतं.

हेडमास्तर गोविंदरावांनी सही करताना कागद डोळ्यांशी धरला. माणूस आळशी, पण व्यवहाराला पक्का.

"बन्सीधर, इथं पोखर्णी लिहा. पहिलटकरणीचं पोर बापाच्या गावावर घालायचं असतं. कशाला विषाची परीक्षा?"

"आईनं सांगितलं तेच लिहिलंय. आणि वऱ्हाड तरी कुणाचं? आपल्या सरकारच्या किताबातच, 'हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम' या पदवीतच आहे की वऱ्हाड."

"किताबात आहे, कचेरीत नाही. कपाटात कोरा अर्ज आहे, नवा लिहा."

"माझ्या हातून खोटं उतरायचं नाही."

गोविंदरावांनी लेखणी हातात घेतली. "खऱ्याची हौस आपल्या कागदावर भागवावी, बन्सीधर. हा पोराचा कागद आहे." एवढं बोलून त्यांनी सही केली. कोरा अर्ज कपाटातच राहिला.

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. माझ्या सुरेख ओळीखाली तांबड्या शाईची रेघ होती आणि समासात कुणाच्या तरी गचाळ अक्षरात शेरा: जन्म रियासतीबाहेर, उमेदवार मुल्की असल्याची चौकशी व्हावी, तोवर वजीफा तहकूब. शेरा मी दोनदा वाचला. पण मी गोविंदरावांना म्हणालो, "चौकशीच आहे, होईल. बाप इथला, आजा इथला, जमीन इथली."

चौकशी सुरू झाली. कागद तहसिलीत गेला, तहसिलीतून पोखर्णीच्या पाटील-पटवाऱ्याकडं. पाटलानं जबाब घेतले, पंचनामा केला, तो वर गेला. वरून विचारणा आली की आजा कधीपासून इथला. पुन्हा पंचनामा. मग आजीचं माहेर कुठलं, तेही आलं. भुजंग दर बाजाराच्या दिवशी पोखर्णीहून चालत यायचा, शाळेच्या पायरीवर पायाची धूळ झटकायचा आणि विचारायचा, "मुन्शीजी, आला का कागद?"

"चाललाय. आता औरंगाबादला आहे."

एकदा तहसिलीत त्यालाच बोलावलं. मी बरोबर गेलो. पेशकारानं, म्हणजे तहसिलदाराच्या कारकुनानं, पान चघळत विचारलं, बाहेर का जन्मलास? भुजंग अशा स्वच्छ उर्दूत बोलला की कचेरीतल्या लेखण्या थांबल्या. म्हणाला, हुजूर, जन्माला येताना मी गाव विचारून घ्यायला हवं होतं, तेवढी चूक झाली. पेशकार हसला, इतरही हसले. भुजंग हसला नाही. कागद पुन्हा वर गेला.

विद्यापीठ सुरू झालं. वजीफ्याची जागा यादीतल्या खालच्या पोराला गेली, खाटही गेली. मुंजाजीनं विचारलं, जमीन विकली तर पोराला आपल्या खर्चानं धाडता येईल का. भुजंगच नको म्हणाला, धाकटी बहीण कमळी लग्नाची आहे. मग मी माझी दोन तोळ्यांची अंगठी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती उचलून परत माझ्या हातात दिली. "मुन्शीजी, मी मुल्की हाय. माज्या हक्काचं हाय ते. कागद यिऊ द्या."

कागद आला. पुढच्या माघात, शिक्कामोर्तब, झकास जाड कागदावर: भुजंग वल्द मुंजाजी, राहणार पोखर्णी, हा मुल्की आहे, यात शंका नाही. पण त्या वर्षीचा वजीफा केव्हाच दिला गेला होता, आणि नव्या वर्षीचा फक्त नव्या वर्षी पास होणाऱ्यांना. मी तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, की कायद्यात तरतूद नाही. भुजंगनं तो दाखला एकदा वाचला आणि घडी घालून पटक्यात खोचला. मग तो पिंगळीच्या स्टेशनात कांटेवाल्याच्या जागेवर लागला. हैदराबादेच्या गाड्या त्याच्यासमोरून जायच्या आणि तो त्यांना वाट काढून द्यायचा. मी एकदा त्या गाडीनं गेलो तेव्हा तो झेंडी घेऊन उभा होता. मी तोंड वळवून दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत बसलो.

माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. भुजंग कधी उलटून बोलला नाही, मुंजाजी नशीब म्हणून गप्प बसला. गोविंदरावांची बदली झाली. आणि दगडाबाईनं तर सगळं स्वतःच्याच पदरात घेतलं. बाजारात भेटली की तेच.

"माजं चुकलं, मुन्शीजी. म्या माह्यारी गेले आन् लेकराचं वाटोळं झालं. हितंच बाळंत झाले असते तर आज सायेब असता."

"तसं नसतं, बाई. नशिबाचा भाग."

यापुढं माझी जीभ रेटत नसे. सांगायला काय लागत होतं? बाई, तुमचं नाही चुकलं, पोखर्णी लिहिता आलं असतं, सगळे लिहितात, मीच नाही लिहिलं. एवढीच ओळ. पण ज्या बाईनं मला देवमाणूस म्हणून घरच्या शेंगा आणून द्याव्यात, तिच्यासमोर ती ओळ माझ्या तोंडून निघाली नाही. खऱ्याची हौस असलेला मी, आणि हे माझं खरं.

त्रेचाळीस सालच्या पौषात दगडाबाई शाळेतच आली. कमळीचं लग्न झालं होतं, तिकडंच, पैनगंगेपलीकडं, शेलगावापासून कोसभरावर. दगडाबाई माझ्यासमोर खाली बसली आणि पदराशी चाळा करत राहिली.

"कमळीला दिवस हाईत, मुन्शीजी. सातवा लागला. खोली सारवून ठिवलीय, डिंक आणलाय, आळीव आणलाय. जावई म्हनतेत, कधी न्यायला येता." तिनं आवाज उतरवला. "पर मला भ्या वाटायलंय. लेकरू तिकडलं. हिकडं झालं तर त्याच्या बी कागदात तसंच व्हईल का? तुमाला कागदातलं समदं कळतंय. आणू का नगं, तुमीच सांगा."

मला आजही ती दुपार दिसते. बाहेर पोरं पाढे म्हणत होती. मी तिला सांगू शकलो असतो की खुशाल आणा, रकान्यात वाटेल ते लिहिता येतं. पण मग तिनं लगेच विचारलं असतं, तर माझ्या भुजंगाचं का नाही लिहिलं? मी दौतीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आणि कारकुनाला शोभेल असं उत्तर दिलं.

"ज्याचं त्याच्या मुलखात झालेलं बरं, बाई. कागद चोख राहतो."

तिनं मान हलवली. तिला बरंच वाटलं असावं, कुणीतरी ठरवून दिलं म्हणून. डिंक, आळीव आणि तिची जुनी मऊ लुगडी, असं गाठोडं तिनं गाडीवानाबरोबर शेलगावाकडं धाडून दिलं.

फाल्गुनात भुजंग आला. पायरीवर धूळ झटकली नाही. उभ्यानंच सांगितलं.

"कमळी गेली."

पहिलटकरणीचं बाळंतपण सासरी करायची सवय आपल्याकडं कुठल्याच घराला नसते. कमळीच्या सासूला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, जाऊ आपल्या माहेरी होती. कळा दोन दिवस चालल्या. जाणती सुईण दुसऱ्या गावची, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. मूल जगलं. कमळी शेवटपर्यंत, आई येतीय का बगा, म्हणत होती. भुजंगनं हे सगळं रेल्वेची वर्दी द्यावी तसं सांगितलं, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेला. मी त्या दिवशी घरी जाऊन आंघोळ केली. सुतक मला कुठलं? तरी केली.

पाच वर्षं गेली. जावयानं दुसरं लग्न केलं, तेव्हा दगडाबाई नातवाला घेऊन आली. मुंजाजी वारला. आजी-नातू पिंगळीला भुजंगच्या क्वार्टरात राहायला लागले. पोराचं नाव उद्धव.

अठ्ठेचाळीसचा ज्येष्ठ. दिवस वाईट होते. पैनगंगेपलीकडं आता हिंदुस्थान होता आणि अलीकडं निजाम. वाटेवर नाके बसले होते, गावोगाव रझाकारांची धास्ती होती. तिकडचा माणूस म्हटलं की संशय. अशात दगडाबाई उद्धवला घेऊन पिंगळीहून गाडीनं परभणीला आली, नाव घालायला. ती वाळून काठीसारखी झाली होती. पोरगं मात्र गुटगुटीत, आणि कपाळ थेट भुजंगचं.

मी दाखल्याचा अर्ज काढला. नाव, बापाचं नाव, वय. जन्मस्थान. मी लेखणी टेकवली आणि 'पोखर्णी' लिहायला लागलो.

दगडाबाईला वाचता येत नव्हतं. पण उद्धवनं विचारलं, "काय लिवलं?"

"पोखर्णी," मी म्हणालो.

"त्यो तिकडं झालाय, मुन्शीजी," दगडाबाई म्हणाली. "कागद चोख रहावा म्हनूनच तर तिकडं झालाय."

"असू द्या, बाई. दिवस बरे नाहीत. तिकडचं गाव दिसलं की पोराला त्रास होईल. बापाचं नाहीतर आजोबाचं गाव घालून देतो. चालतं तसं. सगळेच लिहितात."

बोलून गेलो आणि मग ऐकलं, आपण काय बोललो ते.

दगडाबाई माझ्याकडं वळली. तिला घाई नव्हती. "समदेच लिवतेत?"

मी लेखणी दौतीत बुडवली.

"कवापसनं?"

"पहिल्यापासून," मी म्हणालो. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

"म्हंजे भुजंगच्या वक्ताला बी लिवता येत व्हतं?"

"येत होतं. गोविंदराव म्हणालेही होते. मीच नाही लिहिलं."

वाटलं, आता ती ओरडेल, कपाळ बडवून घेईल, मला शिव्या घालेल. मला ते हवं होतं. भुजंगबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. ती उद्धवच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मग स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाली, "मंग कमळीला आणता आलं असतं."

मी हो म्हणालो की नुसती मान हलवली, आठवत नाही.

"लिवा पोखर्णी," ती म्हणाली, आणि अंगठा पुढं केला.

मी शाईची गादी सरकवली. एकवीस वर्षांत असे शेकडो अंगठे मी माझ्या हातानं धरून कागदावर टेकवले होते, नाहीतर शाई फरकटते. त्या दिवशी मला त्या बाईच्या हाताला हात लावता येईना. तिचा अंगठा कागदावर तसाच अधांतरी राहिला. शेवटी उद्धवनंच आजीचा हात दोन्ही हातांनी धरला आणि मी बोट ठेवलं होतं त्या जागी नीट दाबला.